छावणीतली शाळा आणि लोकांची वर्गणी

अमेरिकेतले यादवी युद्ध संपले तेव्हा ६२व्या कृष्णवर्णीय पायदळ पलटणीचा मुक्काम टेक्सासमध्ये होता. पलटणीतले बहुतेक जवान मिसुरी राज्यातले, नुकतेच गुलामीतून सुटलेले. त्यांच्या राज्यात १८४७च्या कायद्याने कृष्णवर्णीयांना लिहायला-वाचायला शिकवण्यास बंदी होती. अक्षरे त्यांनी गिरवली ती पलटणीत आल्यावर, आपल्या अधिकाऱ्यांकडून आणि एकमेकांकडून. घरी परतायची वेळ आली तेव्हा प्रश्न उभा राहिला, की सुरू झालेले हे शिक्षण आता पुढे चालवायचे कुठे? १८६६च्या सुरुवातीला जवानांनी आपापल्या पगारातून वर्गणी काढली. ६२व्या पलटणीतून सुमारे ५,००० डॉलर उभे राहिले, ६५व्या पलटणीने आणखी सुमारे १,४०० डॉलरची भर घातली, आणि त्याच वर्षी मिसुरीतल्या जेफरसन सिटी या गावी ‘लिंकन इन्स्टिट्यूट’ सुरू झाली. आज ती लिंकन विद्यापीठ म्हणून ओळखली जाते.

सैनिकांच्या शिक्षणाला लोकांनी केलेली मदत, युद्ध चालू असताना आणि ते संपल्यावरही, हा या प्रस्तावनेचा विषय. त्याची ओळख करून देताना मी या हकिगतीपासून मुद्दाम सुरुवात केली. धर्मादाय कार्य म्हटले की एकीकडे देणारा आणि दुसरीकडे घेणारा, अशी विभागणी आपण मनातल्या मनात करून टाकतो. इथे घेणाऱ्यांनीच पदरमोड केली आणि आपल्यामागून येणाऱ्यांसाठी शाळा उभारली. या विषयाच्या वाचनातून माझे एक मत पक्के झाले आहे आणि ते सुरुवातीलाच सांगून टाकतो. ज्या उपक्रमांत शिकणाऱ्या सैनिकाला पुढे शिकवणारा, चालवणारा, निर्णय घेणारा होता आले, त्यांचा उपयोग युद्धानंतरही समाजाला होत राहिला. ज्यांत तो केवळ उपकाराचा धनी राहिला, ते उपक्रम कितीही चांगल्या मनाने झालेले असोत, बहुधा तंबूंबरोबरच आवरले गेले.

आधी विषयाची हद्द आखून घेऊ. कवायत, शस्त्रविद्या, लष्करी अकादमीतले प्रशिक्षण यांचा इथे संबंध नाही. सैनिकाला माणूस म्हणून, नागरिक म्हणून, पुढे पोट भरणारा कारागीर म्हणून जे शिकावेसे वाटते आणि जे शिकवण्याची जबाबदारी सरकारने अजून उचललेली नसते, त्या शिक्षणाचा हा इतिहास आहे. त्यात धार्मिक संस्था आहेत, विद्यापीठांतले स्वयंसेवक प्राध्यापक आहेत, ग्रंथपालांच्या संघटना आहेत, घरातली पुस्तके छावणीला पाठवणारी सामान्य कुटुंबे आहेत आणि माजी सैनिकांच्या स्वतःच्या संघटनाही आहेत.

युद्धाच्या धामधुमीत शिकायला वेळ कुठला, असा प्रश्न नवख्या वाचकाला पडतो. पण सैनिकाच्या आयुष्यात लढाईपेक्षा वाट पाहणे जास्त असते. कूच होण्याची वाट, जखम भरण्याची वाट, आणि तह झाल्यावर घरी नेणाऱ्या जहाजाची वाट. हा रिकामा वेळ सेनापतींना नेहमीच धोक्याचा वाटत आला. पगार हाती पडला की सैनिक तो दारूत उडवणार, हे क्रिमियन युद्धाच्या काळात गृहीतच धरलेले होते. १८५५मध्ये तुर्कस्तानातल्या स्कुटारी इथे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी हे गृहीतक खोटे ठरवले. सैनिकांचे पैसे घरी पोचवण्याची सोय त्यांनी केली, ‘इंकरमन कॅफे’ नावाची विश्रांतीची जागा उघडली, वाचनाच्या खोल्या सुरू केल्या, तिथे वर्तमानपत्रे आणि पत्रे लिहायला कागद ठेवला आणि शिक्षकांची मागणी केली. सोय झाल्यावर सैनिक तिथे आले, बसले, वाचू-लिहू लागले. नाइटिंगेल यांच्या शुश्रूषेची गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत आली. त्यांच्या या वाचनखोल्यांची गोष्ट मात्र तिथवर पोचली नाही.

या विषयाचे सर्वांत समृद्ध पर्व पहिल्या महायुद्धाचे. त्याच्या केंद्रस्थानी वायएमसीए ही १८४४मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेली ख्रिस्ती युवकांची संघटना होती. लाल त्रिकोणाचे चिन्ह लावलेल्या तिच्या लाकडी झोपड्या आघाडीच्या मागे जागोजागी उभ्या राहिल्या. तिथे चहा मिळे, बसायला ऊब मिळे, लिहायला टेबल आणि कागद मिळे. हळूहळू त्याच टेबलांवर फ्रेंच भाषेचे धडे, इतिहास-अर्थशास्त्राची व्याख्याने आणि चर्चा सुरू झाल्या. बेझिल यीक्सली या कार्यकर्त्याने १९१८मध्ये वायएमसीए आणि विद्यापीठे यांची एक समिती चालवून या विस्कळीत धडपडीला शिस्त लावली. पुढे ब्रिटिश सैन्याने हे काम आपल्याकडे घेतले आणि १९२०मध्ये आर्मी एज्युकेशनल कोअर हा स्वतंत्र विभाग निर्माण झाला. १९१९मध्ये ब्रिटनच्या पुनर्रचना खात्याच्या समितीने प्रौढशिक्षणावर जो अहवाल दिला, त्या समितीतही यीक्सली होते. प्रौढशिक्षण ही मूठभरांची चैन मानू नये, ती राष्ट्राची कायमची गरज आहे, अशी त्या अहवालाची भूमिका होती. छावणीतल्या झोपडीत मिळालेला अनुभव असा थेट राष्ट्रीय धोरणापर्यंत गेला.

कॅनडाची हकिगतही लक्षात ठेवण्याजोगी आहे. आल्बर्टा विद्यापीठाचे अध्यक्ष हेन्री मार्शल टोरी १९१७मध्ये वायएमसीएच्या विनंतीवरून इंग्लंडला आले. कॅनडाच्या सैनिकांना काय शिकायचे आहे याची पाहणी त्यांनी केली आणि त्यातून ‘खाकी युनिव्हर्सिटी’ उभी राहिली. साक्षरतेच्या वर्गापासून पदवीच्या अभ्यासक्रमापर्यंत सगळ्या पायऱ्या तिथे होत्या. युद्ध संपल्यावर यॉर्कशरमधल्या रिपन इथे तिचे महाविद्यालय भरले. घरी परतल्यावर आपल्याच देशातल्या विद्यापीठात उरलेले शिक्षण पूर्ण करता यावे, ही त्यामागची व्यवहारी दृष्टी. अमेरिकन सैन्यासाठी १९१९च्या वसंतात फ्रान्समधल्या बोन या गावी, इस्पितळासाठी बांधलेल्या बराकींत, एक आख्खे विद्यापीठ काही महिने चालले. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन अर्स्किन आणि वायएमसीएचे शिक्षणमंडळ यांच्या खटपटीतून ते आकाराला आले. त्याच सुमारास सैन्याने वायएमसीएचे शैक्षणिक काम स्वतःकडे घेतले.

पण या भव्य विद्यापीठांच्या नादात तळाचा वर्ग विसरता कामा नये. अमेरिकेने १९१७मध्ये सक्तीची भरती केली तेव्हा घेतलेल्या चाचण्यांत, साधारण चौघांमागे एकाला वर्तमानपत्र वाचता किंवा घरी पत्र लिहिता येत नाही, असे आढळले. केंटकी राज्यातल्या कोरा विल्सन स्ट्युअर्ट या शिक्षिकेने १९११पासून प्रौढांसाठी ‘चांदण्यातल्या शाळा’ चालवल्या होत्या. दिवसभर शेतात राबणाऱ्यांना रात्री डोंगरवाटांनी शाळेत येता यावे म्हणून वर्ग चांदण्या रात्री भरत. त्याच अनुभवावर त्यांनी सैनिकांसाठी पहिले पुस्तक लिहिले आणि वायएमसीएच्या प्रकाशनसंस्थेने ते छापले. त्यातले धडे छावणीतल्या रोजच्या जगण्यावरचे होते. लहान मुलांच्या पुस्तकातले मांजर आणि चेंडू मोठ्या माणसाच्या हाती द्यायचे नाहीत, त्याला त्याच्याच कामाच्या शब्दांतून अक्षरापर्यंत न्यायचे, ही जाण त्यामागे होती. आपल्याकडच्या साक्षरता चळवळीत ज्यांनी काम केले आहे, त्यांना ती चटकन ओळखू येईल.

इथवरची कहाणी सरळ प्रगतीची वाटते. आधी लोक सुरुवात करतात, मग सरकार जागे होते आणि अखेर काम सरकारच्या खात्यात जाते. ती तशीच मांडण्याचा मोह अभ्यासकाला होतो. तो आवरावा, असे मला कळकळीने सांगायचे आहे, कारण दिलेल्या प्रत्येक मदतीमागे देणाऱ्याचा काही हेतू असतो. कुणाला सैनिकाला व्यसनापासून दूर ठेवायचे असते, कुणाला धर्माकडे वळवायचे असते, कुणाला परतल्यावर तो बंडखोर होऊ नये ही काळजी असते. शिवाय मदत सर्वांना सारखी पोचत नाही. फ्रान्समधल्या अमेरिकन सैन्यात दीड-दोन लाख कृष्णवर्णीय सैनिक होते. त्यांच्यातले बहुतेक गोदीत आणि रस्त्यांवर हमाली करणारे. या सगळ्यांसाठी वायएमसीएने पाठवलेल्या कृष्णवर्णीय स्त्री कार्यकर्त्या युद्धाच्या बहुतेक काळात अवघ्या तीन होत्या. त्यांतल्या अ‍ॅडी हंटन आणि कॅथरिन जॉन्सन यांनी १९२०मध्ये आपल्या अनुभवांचे पुस्तक प्रसिद्ध केले. साक्षरतेचे वर्ग, ग्रंथालये, सैनिकांची शिकण्याची ओढ हे त्यात आहे, आणि गोऱ्यांच्या झोपड्यांतून कृष्णवर्णीय सैनिकांना परत पाठवले जाई हेही आहे. सेवा आणि भेदभाव एकाच छपराखाली कसे नांदतात, हे समजून घ्यायचे असेल तर या पुस्तकापासून सुरुवात करावी.

भारतीय सैनिकांचा प्रश्न आणखी वेगळा होता. १९१४मध्ये फ्रान्समध्ये उतरलेल्या शिपायांपैकी बहुसंख्यांना लिहिता येत नव्हते. पत्र दुसऱ्याकडून लिहून घ्यायचे, ते सेन्सॉर वाचणार, आणि गावी पोचल्यावर तेही कुणीतरी वाचून दाखवणार. मनातली गोष्ट सांगायला इतक्या तिऱ्हाइतांची मदत लागल्यावर अक्षराची किंमत कुणी वेगळी समजावून सांगावी लागत नाही. सेन्सॉरच्या अहवालांमुळे या पत्रांतले बरेच उतारे आज ब्रिटिश ग्रंथालयात जतन झाले आहेत. फ्रान्समधल्या शिकलेल्या, शेत आणि दुकान सांभाळणाऱ्या बायका पाहून आपल्या मुलींनाही शाळेत घाला, असे घरच्यांना कळवणारे शिपाई त्यांत भेटतात. के. टी. पॉल यांच्या नेतृत्वाखालच्या भारतीय वायएमसीएचे कार्यकर्ते फ्रान्स आणि मेसोपोटेमियात या सैनिकांबरोबर होते. पत्रे लिहून देणे, खेळ, व्याख्याने, वाचन-लेखनाचे वर्ग असे त्यांचे काम चाले. सरकारने त्यांना परवानगी दिली ती धर्मप्रचार न करण्याच्या अटीवर. ही अट अभ्यासकाने नीट पाहावी. प्रचार बाजूला ठेवल्यावर संस्थेच्या हाती उरली ती निखळ सेवा, आणि शिपायांच्या मनात तिच्याविषयी विश्वास निर्माण होण्याची शक्यता त्यातूनच तयार झाली.

आता एक संस्था जरा जवळून पाहू, कारण या विषयाचे मर्म तिथे सापडते. आर्थर पिअर्सन हे लंडनच्या ‘डेली एक्स्प्रेस’चे संस्थापक. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. १९१५मध्ये त्यांनी युद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी लंडनमध्ये वसतिगृह सुरू केले आणि ते लवकरच रीजंट्स पार्कमधल्या सेंट डन्स्टन्स या वास्तूत गेले. इस्पितळात पडलेल्या, नुकतीच दृष्टी गमावलेल्या जवानाच्या हाती पिअर्सन बोटांनी चाचपून वेळ कळेल असे घड्याळ देत. किती वाजले हे आता परिचारिकेला विचारायला नको. परावलंबनातला निदान एक धागा पहिल्याच भेटीत तुटे. वसतिगृहात जमिनीवर अंथरलेल्या पट्ट्यांवरून पावलांना वाट कळे. मग ब्रेल, टंकलेखन आणि एखादा व्यवसाय: मालिश, टेलिफोन चालवणे, सुतारकाम, कोंबडीपालन, टोपल्या विणणे, जोडे दुरुस्त करणे. शिकवणाऱ्यांमध्ये अंध शिक्षक असावेत, असा पिअर्सन यांचा आग्रह होता. पाहू न शकणारा माणूस सफाईने काम करतो आहे, हे शेजारच्या बाकावरून हाताला आणि कानाला कळले, की नव्या विद्यार्थ्याला वेगळे उत्तेजन द्यावे लागत नसे. १९२१मध्ये पिअर्सन यांचे निधन झाल्यावर संस्थेची धुरा इयन फ्रेझर यांच्याकडे आली. सॉमच्या लढाईत अंध झालेला हा अधिकारी याच संस्थेत शिकलेला होता.

याच संस्थेतून बाहेर पडलेला आणखी एक सैनिक आपल्या ओळखीचा असायला हवा. न्यूझीलंडचे क्लूथा मॅकेंझी १९१५मध्ये गॅलिपोलीत अंध झाले. दुसऱ्या महायुद्धात, १९४३मध्ये, देहरादूनला युद्धात अंध झालेल्या भारतीय सैनिकांसाठी सेंट डन्स्टन्सचे वसतिगृह उघडले, तेव्हा त्याची उभारणी त्यांनी केली. त्या वेळी भारतात ब्रेलच्या निरनिराळ्या पद्धती चालू होत्या. एका पद्धतीत छापलेले पुस्तक दुसरी शिकलेल्याला वाचता येत नसे. एकसारखी ब्रेल घडवण्याच्या प्रयत्नांत मॅकेंझी पुढे होते, आणि युनेस्कोच्या माध्यमातून झालेल्या चर्चांनंतर १९५१मध्ये भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल स्वीकारली गेली. देहरादूनच्या त्याच केंद्राभोवती पुढे अंध प्रौढांचे प्रशिक्षण आणि ब्रेल छापखाना उभा राहिला. आज एखादी अंध विद्यार्थिनी मराठी पुस्तक बोटांनी वाचते ती याच लिपीत. गॅलिपोलीच्या जखमेपासून मराठी ब्रेल पुस्तकापर्यंतची ही साखळी जोडली ती शिकलेल्या सैनिकाने शिकवणारा होऊन. हेच माझ्या प्रतिपादनाचे सर्वांत बळकट उदाहरण आहे.

महाराष्ट्रातले उदाहरण तर आपल्या दाराशी आहे. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत ‘पूना डिव्हिजन’ होती, त्यात मराठा पलटणी होत्या, आणि एप्रिल १९१६मध्ये कुत-अल-अमारा इथे झालेल्या शरणागतीचा घाव आपल्या गावांपर्यंत पोचला होता. जखमी शिपायांची जहाजे मुंबईच्या धक्क्याला लागत. हात किंवा पाय गमावलेल्या शिपायाला तुटपुंजे निवृत्तिवेतन देऊन गावी पाठवायचे, की त्याच्या हाती नवे काम द्यायचे, हा प्रश्न तिथे रोज समोर येत होता. १९१७मध्ये मुंबईच्या गव्हर्नरच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने अपंग सैनिकांसाठी क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल मुंबईत सुरू झाले. १९२०च्या दशकात ते पुण्याजवळ खडकीला आले. दोन महायुद्धे आणि स्वातंत्र्यानंतरची सगळी युद्धे पाहिलेली ही संस्था आजही अपंग जवानांना तांत्रिक शिक्षण देते आहे. साम्राज्याच्या राणीचे नाव घेऊन निघालेली शाळा स्वतंत्र भारताच्या जवानाची झाली, हा बदल कसा घडला, खर्च कुणी उचलला, अभ्यासक्रम कुणी ठरवला आणि तिथून बाहेर पडलेल्यांचे पुढे काय झाले, यावर मराठीत एक सविस्तर ग्रंथ व्हायला हवा.

दुसऱ्या महायुद्धातल्या युद्धकैद्यांच्या शिक्षणाचा विषय स्वतंत्र ग्रंथाचा आहे. ब्रिटिश रेडक्रॉसने ऑक्सफर्डच्या न्यू बॉडलियन इमारतीतून जर्मनीतल्या छावण्यांना अभ्यासाची पुस्तके पाठवली आणि काटेरी तारांच्या आत कैद्यांनी विद्यापीठांच्या, व्यवसाय-संस्थांच्या परीक्षा दिल्या. सैन्यात मात्र तोवर सरकारने बराच भार उचलला होता. १९४०मध्ये ब्रिटनमध्ये विद्यापीठे आणि स्वयंसेवी संस्था यांची मिळून सैनिकांच्या प्रौढशिक्षणाची मध्यवर्ती सल्लागार परिषद झाली आणि तिचे सचिव होते तेच बेझिल यीक्सली. अमेरिकेत १९४४चा जी. आय. बिल हा कायदा आला. त्याचा मसुदा अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेत तयार झाला आणि तिनेच त्याच्यासाठी देशभर रान उठवले. सुमारे ७८ लाख माजी सैनिकांनी त्याखाली कुठले ना कुठले शिक्षण घेतले, त्यांतले सुमारे २२ लाख महाविद्यालयांत गेले. इथे माजी सैनिकांनी शिक्षण मदत म्हणून मागितले नाही, हक्क म्हणून कायद्यात लिहून घेतले. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय माजी सैनिकांना मात्र हा हक्क बजावताना पदोपदी अडवले गेले. कायदा झाल्यावरही लोकांच्या संघटनांना काम उरते ते यासाठीच.

या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्याने कोणते प्रश्न बरोबर घ्यावेत? संस्थेने किती पुस्तके वाटली, किती वर्ग भरले, हे आकडे अहवालांत सहज मिळतात. देणगीदारांना दाखवण्यासाठीच ते लिहिलेले असतात. त्यांच्या पलीकडे जाऊन विचारावे, की काय शिकवायचे हे कुणी ठरवले? सैनिकाला नको असलेला वर्ग सोडून जाता येत होते का? संस्थेच्या कारभारात त्याला जागा मिळाली का? परतल्यावर त्या शिक्षणाचा उपयोग त्याच्या जातीच्या, वर्णाच्या, गावाच्या भिंतींपुढे किती टिकला?

मराठी अभ्यासकाला या शेवटच्या प्रश्नाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. लष्करातल्या शाळा सरकारी होत्या, धर्मादाय नव्हत्या, हे खरे. पण पलटणीतले शिक्षण गावात आल्यावर काय करू शकते, याचे दाखले आपल्याइतके थोड्यांकडे असतील. गोपाळबाबा वलंगकर सैन्यातून निवृत्त झाले आणि १८८८मध्ये त्यांचे ‘विटाळ विध्वंसन’ प्रसिद्ध झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. अस्पृश्यांना गावच्या शाळेची दारे बंद होती त्या काळात छावणीतली शाळा उघडी होती, आणि तिथे शिकलेल्यांनी ते ज्ञान स्वतःपुरते ठेवले नाही.

साहित्य आपल्याकडे विखुरलेले आहे, पण आहे. पहिल्या महायुद्धात या गावातून इतकी माणसे गेली, त्यांतली इतकी कामी आली, असे सांगणाऱ्या पाट्या सातारा, रत्नागिरी, पुणे जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत आजही भिंतींवर आहेत. त्या गावांतल्या शाळांची जुनी दाखलपत्रके, जुन्या मराठी वर्तमानपत्रांतल्या वर्गणीदारांच्या याद्या, माजी सैनिकांच्या घरांतल्या पेट्यांत ठेवलेली प्रमाणपत्रे आणि पत्रे, हे सगळे एकमेकांशेजारी ठेवून अजून फारसे कुणी वाचलेले नाही. इतिहासाच्या पदवीधराने हे काम करावे, तसेच ते निवृत्त सुभेदाराने, गावच्या शिक्षिकेने, जिल्हा ग्रंथालयातल्या ग्रंथपालानेही करावे. आजोबा पलटणीतून काय शिकून आले आणि त्यांनी ते पुढे कुणाला शिकवले, एवढा एक प्रश्न घेऊन सुरुवात केली तरी चालेल. या अभ्यासाला तुमची गरज आहे, आणि तुमचे मनापासून स्वागत आहे.